मदत हवी आहे: घोडीच्या पायांना चावऱ्या माश्या, काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही लोहा तालुक्यातले, जि. नांदेड. घरी वरातीची काठेवाडी घोडी आहे, खाली शिंगरू. लग्नसराई संपली की पावसाळाभर ती ठाणावरच असते. पोळ्याच्या सुमारास माश्यांनी कहर केलाय.

माशी दिसायला घरातल्यासारखीच, पण चावते. बसते ती पायांवर, गुडघ्याखाली. घोडी दिवसभर पाय आपटते, एक नाल सैल झालाय. पांढऱ्या पायांवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. डोळ्यांच्या कोपऱ्यात बसणाऱ्या माश्या वेगळ्या, त्या चावत नाहीत, पण डोळ्यातून सारखं पाणी.

संध्याकाळी लिंबाच्या पाल्याचा धूर करतो. धूर आहे तोवर बरं, विरला की पुन्हा तेच, आणि शिंगरू ठसकतं ते वेगळंच. पत्र्याचं शेड आहे, खाली मुरूम, वर सोयाबीनचं भुसकट. लीद रोज भरतो. उकिरडा शेडच्या मागेच आहे.

म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेलं अमिट्राझ घरात आहे. तेच पाण्यात कालवून घोडीला लावू का? मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत न्यायची आहे. तिथं गिऱ्हाईक आधी पाय बघतं, मग चाल.

जुनीपागा:
अमिट्राझ अजिबात लावू नका! म्हशीला चालतं, घोड्याला नाही. आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटाचं दुखणं त्याला फार महागात पडतं. लावायचंच असेल तर घोड्यांना चालणारं औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या.

तुमची ती तबेल्यातली चावरी माशी. एक मारून नीट बघा, तोंडापुढे सुईसारखी सोंड दिसेल. नर-मादी दोघंही रक्त पितात. पोट भरलं की अंगावर थांबत नाहीत, जवळच्या भिंतीवर किंवा खांबावर जाऊन बसतात. म्हणून नुसतं अंगावर फवारून भागत नाही.

खरी गोम भुसकटात आहे. मुतानं भिजलेलं, तुडवलेलं, कुजत चाललेलं भुसकट म्हणजे तिचं बाळंतघर. अंड्यापासून माशी व्हायला उन्हापावसाच्या दिवसांत साधारण तीन आठवडे लागतात, घरमाशीला तर आठ-दहा दिवसच. दर आठवड्याला शेड तळापासून खरवडून काढलं की पुढची पिढी बाहेरच पडत नाही. नुसती लीद उचलून काय होणार?

शिवारातला:
पंखा लावा राव. माशीला जोराच्या वाऱ्यात धड उडता येत नाही. पायांपर्यंत वारा जाईल असा खाली लावा, पण वायर घोडीच्या तोंडाला लागणार नाही हे बघा. डोळ्यांसाठी वरातीच्या साजातली कपाळावरची झालर बांधा, मान हलली की माश्या उठतात. पुढच्या पायांच्या केसांना पिवळे बारीक दाणे चिकटलेत का तेही बघा. ती दुसऱ्याच माशीची अंडी असतात. घोडी पाय चाटते आणि अळ्या पोटात जातात. खरवडून काढा.

जुनीपागा:
एक राहिलं. ताप येतो-जातो, पोटाखाली किंवा पायांना सूज, खाऊनही वाळत चालली, असं काही असेल तर सर्राची रक्ततपासणी करून घ्या. तो रोग चावऱ्या माश्याच पसरवतात. परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल.

धागाकर्ता:
ताप नाही, सूजही नाही. आताच गव्हाणीखालचा कोपरा उकरला. वर कोरडं भुसकट, खाली बोटभर काळा थर, हाताला कोमट, आंबूस वास आणि त्यात पांढऱ्या अळ्यांचा नुसता बुजबुजाट. माश्या कुठून येतात ते कळलं! आता हे काढून टाकायचं कुठं? उकिरड्यावर टाकलं तर तिथून परत येतील ना?

जुनीपागा:
पातळ पसरून उन्हात वाळवा, वाळल्यावर अळ्या जगत नाहीत. पाऊस असेल तर शेडपासून लांब एकाच ठिकाणी उंच ढीग घाला आणि ताडपत्रीनं घट्ट झाका. आत चांगलीच उष्णता धरते. कडेचा माल थंड राहतो, तो अधूनमधून आत लोटा. मुरमाला मागच्या बाजूला उतार देऊन नाली काढा, म्हणजे मूत साचणार नाही. भुसकट थोडं कमीच अंथरा, पण रोज बदला.