कडेच्या बीम-कॉलम जॉइंटमध्ये २० मिमीच्या बारचा बेंड बसत नाही

मदत हवी आहे. कडेचा कॉलम ३०० × ४५० मिमी, त्यात ४५० च्या दिशेने येणारा २३० × ५०० चा बीम. काँक्रीट एम २५, स्टील एफई ५००, डिटेलिंग आयएस १३९२० (भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे. बीमला वर ३ आणि खाली ३ बार, सगळे २० मिमी.

बार कॉलममध्ये विकास लांबी (काँक्रीटची पकड पूर्ण मिळायला लागणारी लांबी) अधिक बारचे १० व्यास, वजा बेंडची सूट, एवढा आत हवा, म्हणजे साधारण १०१० मिमी. कॉलममध्ये आडवे जेमतेम ३८० मिळतात. उरलेला ६३० चा पाय (वरच्या बारचा खाली वाकवलेला भाग) बीमच्या तळाखाली उतरतो, आणि तळापर्यंत कॉलमचं काँक्रीट आधीच भरलेलं असतं. जॉइंटमधल्या रिंगा (कॉलमच्या उभ्या बारभोवतीच्या आडव्या कड्या) काढायच्या नाहीत, ते पक्कं आहे. कॉलमचं माप बदलता येत नाही.

२० च्या ३ बारऐवजी १६ मिमीचे ५ बार कागदावर काढून पाहिले. एका थरात खडी जायला जागा उरत नाही. दोन थरांत वरच्या थराचा पाय बसतो, दुसऱ्याचा बीमच्या तळाच्या किंचित खाली जातो. शिवाय बीमच्या खालच्या बारचे वर वळणारे पायही तिथेच.

कॉलम बीमच्या तळाच्या १५० मिमी खाली थांबवून तेवढा भाग बीमसोबत भरणं भूकंपाच्या दृष्टीने चालेल का, की १६ मिमीचे दोन थरच बरे? प्रत्यक्ष साइटवर तुम्ही काय करता?