जुन्या गाडीची साउंड सिस्टिम: टेप बदलण्याआधी दारांकडे बघा

घाटमाथा
जुन्या गाडीत गाणी नीट ऐकू येत नाहीत म्हटलं की दुकानदार पहिला हात घालतो टेपला. मोठी अँड्रॉइड स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, झालं काम. मला हे मुळातच पटत नाही. माझी २०११ ची वॅगन आर आहे. टेप अजून कंपनीचाच ठेवलाय, पैसे घातले ते फक्त पुढच्या दोन दारांवर.

मूळ स्पीकरचा कागदी कोन (हलून आवाज काढणारा पडदा) इतके पावसाळे खाऊन मऊ पडलेला असतो, कडेची घडी कडक झालेली असते, आणि मॅग्नेट तर पहिल्यापासूनच चिमुकला. त्यात दार म्हणजे पातळ पत्र्याचं पोकळ खोकं. कोन जेवढा आवाज पुढे टाकतो तेवढाच मागेही टाकतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. सगळ्यात आधी बळी जातो तो बेसचा. ती भोकं डॅम्पिंग शीटने (पत्र्याचा कंप दाबणारी चिकट शीट) बंद केली, बाहेरच्या पत्र्यालाही आतून शीट मारली आणि बरे साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर वेगवेगळे) बसवले, की डग्गा डग्ग्यासारखा घुमतो. त्याच जुन्या टेपवर. तीन सिलिंडरच्या इंजिनामुळे सिग्नलला उभं असताना दाराचं पॅड खडखडायचं, तेही थांबलं.

वायरिंगला_हात_नको
घाटमाथा, तुमची हौस कळते, पण गाडीला पंधरा वर्षं होत आली. १ एप्रिल २०२२ पासून खासगी चारचाकीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली, वर ग्रीन टॅक्स आहेच. अशा गाडीत पैसे घालायचे तर टायर आणि दाराची रबर बीडिंग बदला. रस्त्याचा बराचसा आवाज तिथूनच आत येतो.

दुसरं म्हणजे दार उघडणं हे वाटतं तितकं साधं नाही. माझ्या आधीच्या गाडीची दारं एका दुकानात उघडली आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा त्यांनी फाडून टाकला. पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट ओलं. वास जाता जात नव्हता. तेव्हापासून मी कोणालाच दाराला हात लावू देत नाही.

घाटमाथा
पडद्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं, पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. म्हणून काळा डिंक गरम करून पडदा अलगद सोडवायचा आणि परत चिकटवायचा. आणि दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, त्यांच्यावर शीट अजिबात येता कामा नये, नाहीतर दार आतून गंजणार. काम चालू असताना तिथेच उभं राहा. चहाला जाऊ नका.

अँपवाला_नाशिक
दोघांचंही पटलं नाही. खरी अडचण टेपच आहे. खोक्यावर ५० वॉट गुणिले ४ छापलेलं असतं, पण सलग धरला तर आतला अँप (अँप्लिफायर) एका स्पीकरला १५ ते २० वॉटच देतो. वर जुन्या टेपमध्ये ८० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर नाही. आवाज जरा चढवला की कोन बेसच्या नादात फडफडतो आणि गाणाऱ्याचा गळा चिरका होतो. तुम्ही दहा हजारांचे कंपोनंट लावाल, पण त्यांना दाणापाणी कोण देणार? चार स्पीकर चालवणारा वेगळा, चार चॅनलचा अँप घ्या, वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज, अर्थिंग रंग खरवडून चेसिसला. टेपकडून अँपला जाणारी सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने न्या, म्हणजे इंजिनची शिट्टी ऐकू येणार नाही.

घाटमाथा
दादा, वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल. ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त मोठा वाजणारा) स्पीकर घेतला तरी तेवढाच वाढतो, तेही एक वायर न ओढता. फिल्टरचं मान्य, पण घरच्यांशी बोलत बोलत ऐकायचं त्या आवाजाला टेपचे १५ वॉट पुरतात. डिकीत सबवूफर ठेवून गल्ली हलवायची असेल तर तुमचा मार्ग.

अँपवाला_नाशिक
गल्ली हलवायची नाहीये हो. हायवेला ऐंशीच्या वेगात तानपुरा ऐकू यायला हवा, टायरच्या घरघरीत तो बुडतो. ताकद लागते ती तिथे.

एसटीडी_कोड_०२३१
कोणीही काहीही घेण्याआधी एक फुकटची तपासणी करा. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना टेपच्या बाजूने क्षणभर टेकवा. टेपचा कपलर (मागे वायरी जोडणारा प्लग) आधी काढून ठेवायचा. प्लसला प्लस असेल तर कोन पुढे येतो. एका दाराचा पुढे आणि दुसऱ्याचा मागे जात असेल तर कुणीतरी वायरी उलट्या जोडल्यात, आणि बेस गायब आहे तो त्यामुळेच.

रोजची_प्रवासी
तुम्ही सगळे फक्त गाण्यांबद्दल बोलताय. मी रोज एकटी गाडी चालवते. घरून फोन आला तर तो गाडीच्या स्पीकरवर घेता आला पाहिजे, रस्ता सांगणारा आवाज त्यावर आला पाहिजे. जुन्या टेपला ब्लूटूथ नाही. मांडीवरचा फोन बघत गाडी चालवण्यापेक्षा टेप बदललेला केव्हाही बरा. दारं नंतर.

घाटमाथा
ताई, या कारणासाठी टेप जरूर बदला. फक्त मूळ वायरिंग कापू देऊ नका. गाडीचा कपलर आणि डॅशची फ्रेम वेगळी मिळते, पुण्यात नाना पेठेत सहज. आणि पिवळी वायर कायम चालू, लाल चावीवर, हे समोर तपासून घ्या. घाईत दोन्ही पिवळीवरच मारतात, मग चावी काढली तरी टेप जागाच राहतो. अर्धा अँपिअर जरी ओढत राहिला तरी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत झोपेल.

वायरिंगला_हात_नको
कपलरवर, एकही वायर न कापता बसवून देत असतील तर टेपला माझी हरकत नाही. ताईंचं कारण गाण्यापेक्षा मोठं आहे. माझ्या गाडीची दारं मात्र पावसाळ्याआधी कोणी उघडायची नाहीत.