टॉरेंटची डिस्क कॅश: कुणी वाढवली, कुणाला फळली?

फेरीबोट (दिवाडी)

चवथीच्या तोंडावर आमच्या वाड्यावर फायबर आला. शंभर एमबीपीएसची लाइन, म्हणजे आठानं भागून सेकंदाला साडेबारा एमबी. प्रत्यक्षात हाती अकराच्या आसपास पडतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

देवळाच्या उत्सवात आमची मंडळी दरवर्षी नाटक करतात. बारा वर्षांची रेकॉर्डिंगं साठली आहेत आणि ती तीन ठिकाणी ठेवायची असं यंदा ठरलं: माझ्याकडे, पुण्याच्या चुलतभावाकडे आणि बहारीनच्या मावसभावाकडे. एकेक नाटक पंचवीस-तीस जीबीचं, सगळी मिळून ३४०. क्लाउडवर एवढी जागा दरमहा विकत कोण घेणार, म्हणून टॉरेंट, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून थेट उतरवायची. पुण्याच्या भावानं टॉरेंट बनवून सीडिंगला, म्हणजे बाकीच्यांना पुरवायला, लावलं, बहारीनवाल्याकडे त्यातलं बरंचसं आधीच होतं. मी डाउनलोड सुरू केलं, काटा अकरावर गेला. खूश होऊन चहा ठेवायला उठलो, परत येऊन बघतो तर खालच्या पट्टीवर 'डिस्क ओव्हरलोडेड १००%'. वेग जवळजवळ शून्य. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. आलेख म्हणजे सुताराची करवत.

एकानं सांगितलं, म्यूटॉरेंट या टॉरेंट उतरवायच्या प्रोग्रामच्या प्रेफरन्सेसमध्ये जा, अ‍ॅडव्हान्स्डखाली डिस्क कॅश (डिस्कवर लिहायच्या आधी माल ठेवायची मेमरीतली जागा) आहे, तिथं आपोआप ठरणारा आकार सोडून हातानं आकडा घालायची सोय आहे. ३२ एमबीच्या जागी ५१२ घातले. पूर्वी वेग चार-पाच सेकंदांत कोसळायचा, आता मिनिटभरानं कोसळतो. फरक एवढाच.

तुमच्यापैकी कुणी हे खेळ केले असतील तर लिहा. आकडा किती ठेवला, डिस्क कुठली, फरक पडला का. नसेल पडला तर तेही लिहा. सिनेमांच्या लिंका मात्र इथं नकोत. देव बरें करूं.

गणिताचा तास (फोंडा)

पात्रांव, उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. ५१२ एमबी भरायला एक मिनिट लागलं, म्हणजे सेकंदाला साडेआठ एमबी कॅशमध्ये तुंबतायत. आत अकरा येतायत, तुंबतायत साडेआठ, तर डिस्कवर उतरतायत फक्त अडीच. तुमचा खरा वेग अडीच आहे. कॅश एक जीबी केलीत तर दोन मिनिटांनी कोसळेल. न्हाणीघराचं पाणी मोरीतून जात नसेल तर बादली मोठी आणून काय होणार?

आता अडीचच का? टॉरेंट फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीनं उतरवत नाही. फाइलचे पीस असतात, पीसचे १६ केबीचे ब्लॉक, आणि ज्या पीसच्या प्रती थोड्या लोकांकडे आहेत तो आधी मागवायचा असा शिरस्ता. त्यामुळे डिस्कवर लिहायचं ते इथं थोडं, तिथं थोडं. ५४०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या घेणाऱ्या, डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. सरासरी अर्धी फेरी वाट बघण्यात जाते, वर लिहिणारं हेड सरकायला वेळ लागतो तो वेगळा. सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणी लिहून झालं तरी पुष्कळ. सत्तर गुणिले १६ केबी म्हणजे १ एमबीच्या थोडंसं वर. याउलट तीच डिस्क सलग लिहायला दिली तर ऐंशी-नव्वद एमबी सहज देते.

कॅशचं खरं काम इथं आहे. ब्लॉक मेमरीत गोळा करायचे, पीस पूर्ण झाला की एकगठ्ठा डिस्कवर टाकायचा. मोठ्या फाइलचा पीस ८ एमबीचा असेल आणि वीस पीस एकदम अर्धवट असतील तर १६० एमबी गोळा करून ठेवायची सोय हवी. तिथं ३२ एमबीची कॅश पीस अर्धवट असतानाच डिस्कवर टाकते, आणि १२८ किंवा २५६ केल्यावर फरक दिसतो. मला माझ्या जुन्या डेस्कटॉपवर दिसला होता. पण तुम्हाला ५१२ वरही दिसत नाही, म्हणजे दुखणं दुसरं आहे. डिस्क कुठली, फॉरमॅट कुठला, आणि मध्ये यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) आहे का ते सांगा. टास्क मॅनेजरमधला डिस्कचा रकानाही बघा.

जुना खेळाडू (मडगाव)

हे वाचून २००६ साल आठवलं. २५६ केबीपीएसची लाइन, म्हणजे पूर्ण वेगात सेकंदाला ३२ केबी. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असायचं, म्हणून पावणेदोनचा गजर लावून उठायचो. आई म्हणायची, हा पोर काकड आरतीला उठत नाही, या लाइनीला उठतो.

त्या काळात आम्ही काय काय केलं! विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नं अर्धवट, म्हणजे पलीकडून उत्तर न आलेल्या, जोडण्या एका वेळी दहांवर आणून ठेवल्या होत्या, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४२२६ नंबरची नोंद दिसायची. त्यासाठी टीसीपीआयपी डॉट सिस ही विंडोजची फाइल कुठून तरी आणलेल्या पॅचनं बदलायची. एकदा त्या पॅचबरोबर व्हायरसही आला, अख्खं विंडोज परत टाकलं. ईम्यूल या फायली वाटायच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये फाइल बफरचा सरकता दांडा होता, तो पार उजवीकडे. म्यूटॉरेंटची कॅश २५६. मशीनमध्ये रॅमच ५१२ एमबी! मग विंडोज पेजफाइलवर (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर) जायचं, आणि ज्या डिस्कला वाचवायला कॅश वाढवली तिच्यावरच तो भार पडायचा.

आज हिशेब केला तर हसू येतं. सेकंदाला ३२ केबी म्हणजे दोन ब्लॉक. तेवढं डिस्क झोपेतही लिहील. मला खरा फायदा झाला तो एकाच गोष्टीचा, अपलोडला लगाम घालण्याचा. अपलोडची वाट तुंबली की 'पोचलं, पुढचं पाठवा' हे निरोपही त्याच रांगेत अडकतात आणि डाउनलोड बसतं. अपलोडच्या ८० टक्क्यांवर मर्यादा घातली आणि काटा सरळ झाला. हे आजही कुणालाही सांगतो, कॅशला हात लावायच्या आधी.

पावसाळी (वाळपई)

मी उलटा अनुभव लिहितो. माझी कॅश वाढवून वेग खरंच वाढला होता. १०२४ ठेवली होती, रॅम आठ जीबी, डिस्क जुनी पण आतली. शिवाय 'पूर्ण झालेले पीस लगेच लिहा' आणि 'न हललेले ब्लॉक दर दोन मिनिटांनी लिहा' या दोन्ही खुणा काढून टाकल्या, कारण कुठं तरी वाचलं होतं की त्यानं डिस्क शांत राहते. राहिली शांत. पट्टीवर ओव्हरलोड दिसेना.

मग जून आला. आमच्या सत्तरीत पहिला गडगडाट आणि वीज जाणं यांच्यात फार अंतर नसतं. रात्री साडेअकराला ६० जीबीचं लिनक्सचं भांडार उतरवत होतो, ९१ टक्के झालं होतं. लाइट गेली. इन्व्हर्टर पंख्यांना आणि दिव्यांना आहे, कॉम्प्युटरला नाही, कारण घरच्यांच्या मते रात्री कॉम्प्युटर बंद असतो. पहाटे वीज आली, चालू केलं तर ९१ चे ८८ झालेले आणि 'फोर्स री-चेक करा' म्हणून लाल खूण. मेमरीत होतं ते मेमरीबरोबर गेलं, आणि कुठला पीस डिस्कवर आहे, कुठला नाही याची नोंदही जुनी. री-चेक म्हणजे प्रत्येक पीस वाचून त्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) टॉरेंटमधल्या हॅशशी जुळवायचा. तीन तास चालला. दोन तास झाल्यावर परत लाइट जाते की काय म्हणून मी खिडकीत उभा राहून आभाळ बघत होतो. हसू नका.

एक मात्र कबूल करायला हवं. हॅशच्या या पद्धतीमुळे फाइल बिघडलेली मिळत नाही. जेवढं खराब तेवढंच परत उतरतं. साध्या ब्राउझरच्या डाउनलोडला हे भाग्य नाही.

आता माझ्याकडे यूपीएस आहे, कॅश १२८ आणि दोन्ही खुणा परत घातलेल्या. बाहेर गडगडलं की हातानं पॉज करतो. वाळपईत ज्याच्याकडे यूपीएस नाही त्यानं कॅश एक जीबी ठेवू नये, हे मी ठामपणे सांगेन. पणजीवाल्यांनी आपापलं बघावं.

टीचर (काणकोण)

मला यातलं काही कळत नव्हतं आणि अजूनही अर्धंच कळतं. शाळेत नेट कधी असतं, कधी नसतं, म्हणून किविक्सवरचा, नेटशिवाय वाचता येणारा इंग्रजी विकिपीडिया एकदा घरी उतरवून घ्यायचा असं ठरवलं. चित्रांसकट शंभर जीबीच्या आसपास आहे, टॉरेंटनंही मिळतो. १२८ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला आणि थेट त्याच्यावरच डाउनलोड लावलं. चार जीबीला थांबलं. म्हणे जागा नाही. पेनड्राइव्ह तर रिकामा!

भाच्यानं फोनवर सांगितलं, "मावशी, कॅश वाढव." वाढवली. चार जीबीलाच थांबलं. पुन्हा वाढवली. आमचे हे म्हणाले, कॅश वाढवायची तर बँकेत जा.

शेवटी शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी बघितलं. पेनड्राइव्हचा फॉरमॅट जुना, फॅट३२ होता आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅट केला. मग चालू झालं, पण पहिला बराच वेळ पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहिला आणि आकडा हलेना. मी समजले परत बिघडलं. सर म्हणाले, टीचर, थांबा, तो आधी शून्यं लिहितोय. म्हणजे काय ते इथं कुणी सांगेल का?

गणिताचा तास (फोंडा)

टीचर, सांगतो. समजा शंभर पानांची वही आहे आणि पहिलीच ओळ ऐंशीव्या पानावर लिहायची आली. एक्सफॅटचा नियम असा की आधीची एकोणऐंशी पानं कोरी आहेत हे त्यावर शून्यं लिहूनच दाखवायचं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये स्पार्स फाइल नावाची सोय आहे, तिथं 'ही पानं अजून नाहीत' एवढी नोंद पुरते. एक्सफॅटवर ती सोय नाही.

फेरीबोट, तुमची डिस्क एक्सफॅट तर नाही ना?

फेरीबोट (दिवाडी)

एक्सफॅटच. टीव्हीला लावता यावी म्हणून तशी केली होती. बाहेरची, लहान, आठ वर्षांची डिस्क. आणि हो, हबवर आहे. हब यूएसबी २ चा, म्हणजे जुना आणि धिमा निघाला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, आणि लिहिण्याचा वेग मात्र दोन-तीन एमबी. आता माझीच मला लाज वाटते.

गोदीवाला (वास्को)

म्यूटॉरेंटऐवजी क्यूबिटटॉरेंट हा प्रोग्राम, तोही नवीन, वापरणाऱ्यांसाठी. मी या आकड्यासाठी अर्धा दिवस घालवला. सगळीकडे लिहिलेलं, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन डिस्क कॅश वाढवा. माझ्याकडे तो खानाच नाही! मला वाटलं डोळे गेले.

गोष्ट अशी की त्याच्या पोटात लिबटॉरेंट नावाचं इंजिन आहे. १.२ पर्यंत त्याची स्वतःची कॅश होती. २.० मध्ये ती काढून टाकली. फाइल थेट मेमरीवर मांडायची आणि डिस्कवर कधी लिहायचं ते ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडायचं, अशी नवी रीत. क्यूबिटटॉरेंट ४.४ पासून, म्हणजे २०२२ पासून, २.० चा पर्याय आला. त्यात कॅशचा आकडा नसतो. त्याऐवजी मेमरी किती वापरायची याची मर्यादा असते. मेमरी प्रचंड खाल्लेली दिसली म्हणून घाबरू नका, त्यातली बरीचशी विंडोज लागेल तेव्हा परत घेतं. मी घाबरलो होतो आणि दोन रॅमच्या पट्ट्या मागवून बसलो. आता सोळा जीबी आहे, काय करायचं ते ठरायचंय.

ज्यांना जुना खाना हवाच आहे त्यांनी १.२ वालं पॅकेज घ्यावं. मी घेतलं, ५१२ ठेवून बघितलं, एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर) काडीचाही फरक नाही.

सुशेगाद (म्हापसा)

मी काहीच बदललं नाही. भावाच्या घरी गेलो, जेवलो, हार्डडिस्क घेऊन आलो. एक टीबी, चाळीस मिनिटं, त्यातली वीस पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये. याहून जास्त वेग कुणाचा असेल तर सांगा.

पावसाळी (वाळपई)

बहारीनला जाऊन ये जेवायला.

फेरीबोट (दिवाडी)

झालं ते लिहितो. लॅपटॉपच्या आत एसएसडी आहे, त्यावर साठेक जीबी मोकळी जागा. अर्धवट फायली तिथं आणि पूर्ण झाल्यावर बाहेरच्या डिस्कवर हलवा, अशी सोय प्रेफरन्सेसमध्ये डिरेक्टरीजखाली आहे, ती लावली. एका वेळी एकच नाटक. कॅश परत आपोआपवर. अपलोडला मडगावकरांनी सांगितलेला लगाम.

अठ्ठावीस जीबीचं नाटक बेचाळीस मिनिटांत उतरलं. काटा अकरावरून हलला नाही, आलेख न्हाणीघराच्या कट्ट्यासारखा सपाट. मग बाहेरच्या डिस्कवर हलवायला सोळा मिनिटं लागली. हब काढून थेट निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टला लावल्यावर पुढचं तेवढंच नाटक सहा मिनिटांत गेलं. डिस्क तीच, फॉरमॅट तोच. सलग लिहायला दिलं की तिची काही कुरकुर नाही.

वाळपईचं वाचून यूपीएसची चौकशी केली आहे. दिवाडीला फेरी वेळेवर असते, विजेचं तसं सांगता येत नाही.

आत्ता २०१६ चं नाटक उतरतंय. त्या वर्षी दुसऱ्या अंकात लाइट गेली होती आणि लोकांनी मोबाइलचे दिवे धरून अंक पुरा करून घेतला होता. कॅमेरा बॅटरीवर होता, त्यामुळे ते सगळं त्यात आहे. ६४ टक्के झालंय.