‘स्वीकार’, ‘अवलंब’ की ‘अंगीकार’?

प्रश्न : मुक्तस्रोत सर्व्हर सॉफ्टवेअरविषयी मराठीत लिहिताना ‘या आवृत्तीपासून सी९९ चा (सी या प्रोग्रामिंग भाषेच्या १९९९ च्या मानकाचा) स्वीकार केला’ असे म्हणावे, की ‘अवलंब केला’ असे? ‘अंगीकार’ हाही शब्द सुचवला जातो. हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत. पोस्टग्रेस्क्यूएलचे उदाहरण घेतले, तर त्यांतला फरक दिसतो. या डेटाबेसचा कोड दीर्घकाळ सी८९ च्या, म्हणजे त्याच भाषेच्या १९८९ च्या मानकाच्या, मर्यादेत लिहिला जात होता. २०१९ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून सी९९ जाणणारा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम) आवश्यक ठरला. मात्र पोस्टग्रेस्क्यूएलच्या लेखनसंकेतांनी, म्हणजे कोड कसा लिहावा याच्या नियमांनी, त्या मानकातील सगळ्याच सुविधांना मुभा दिली नाही. लूपचे (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडचे) व्हेरिएबल लूपच्या ओळीतच घोषित करता येऊ लागले, पण प्रोग्राम चालताना लांबी ठरणारे अ‍ॅरे (मूल्यांच्या याद्या) आणि विधानांच्या अधेमध्ये येणाऱ्या घोषणा वर्ज्यच राहिल्या. म्हणजे मानकाचा स्वीकार झाला, सुविधांपैकी काहींचाच अवलंब झाला.

‘स्वीकार’ म्हणजे व्युत्पत्तीने ‘आपलेसे करणे’. पण रूढ मराठीत अर्ज स्वीकारला म्हणजे तो मंजूर झालाच असे नव्हे. ‘अवलंब’ या शब्दात मात्र आधार घेण्याचा भाव आहे आणि ‘अवलंबून असणे’ त्यातूनच येते. नवी सुविधा वापरलेला कोड तिला जाणणाऱ्या कंपायलरवर खरोखरच अवलंबून राहतो आणि जुन्या यंत्रणेवर तो कंपाइलच करता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष वापरासाठी हाच शब्द मला अधिक नेमका वाटतो.

‘अंगीकार’ व्रताला किंवा तत्त्वाला शोभतो. कंपायलरच्या किमान आवृत्तीला तो फारच भारदस्त होतो. (इंग्रजी ‘अ‍ॅडॉप्ट’चे ‘दत्तक घेणे’ हे भाषांतरही वाचनात आले आहे, त्याविषयी न बोललेले बरे.)

पुरवणी प्रश्न : सुविधा वापरली, पण ती नसलेल्या कंपायलरसाठी दुसरी वाटही ठेवली, तर तेव्हाही ‘अवलंब’च म्हणावे काय?

उत्तर : तेथे ‘सशर्त वापर’ म्हणावे. सी९९ ही किमान अट असतानाही पोस्टग्रेस्क्यूएलचे संकेत नंतरच्या मानकातील सुविधा वापरू देत, मात्र पर्यायी व्यवस्था सोबत दिली पाहिजे, या अटीवर. अशा वेळी कोड त्या सुविधेवर अवलंबून नसतो, म्हणून ‘अवलंब’ हा शब्द तेथे वाचकाची दिशाभूल करील.