शब्दचर्चा : मिनिएचर, वॉश, ड्रायब्रश, टेरेन यांना मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या पटावरच्या खेळांसाठी लागणारे योद्धे, राक्षस, पडक्या भिंती, कडे वगैरे मी घरी रंगवते आणि बनवतेही. सुट्टीत भाचरं आणि त्यांची मित्रमंडळी शिकायला बसतात. सगळी मराठी शाळेतली. त्यांना सांगताना माझ्या तोंडून वाक्य निघतं ते असं : ‘आधी प्राइम कर, मग बेसकोट दे, मग वॉश, मग ड्रायब्रश, शेवटी एज हायलाइट.’ यात मराठी किती उरलं?

मला जडजंबाल पारिभाषिक शब्द नको आहेत. दहा वर्षांच्या मुलाला ऐकताक्षणी हात कुठे न्यायचा ते कळलं पाहिजे. म्हणून नुसत्या शब्दांऐवजी कामच सांगते.

मिनिएचर : साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीची प्लॅस्टिकची, रेझिनची किंवा धातूची आकृती. ‘लघुचित्र’ म्हणावं तर मुघल आणि राजपूत शैलीतली कागदावरची चित्रं डोळ्यांपुढे येतात. ‘लघुमूर्ती’ हा शब्द चुकीचा नाही, पण मुलं तो एकदाही वापरत नाहीत.

प्राइमर : अॅक्रिलिक रंग गुळगुळीत प्लॅस्टिकला धरून राहत नाही, बोट लागलं तरी निघतो. म्हणून आधी द्यायचा पकड घेणारा थर.

वॉश : अगदी पातळ गडद रंग. आकृतीवर घातला की तो वस्त्राच्या चुण्यांत, चिलखताच्या सांध्यांत, बोटांमधल्या फटींत जाऊन थांबतो आणि सावली तयार होते.

ड्रायब्रश : वॉशच्या नेमका उलट. ब्रशवर रंग घ्यायचा, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलासुरला खडबडीत भागावरून हलकेच फिरवायचा. फक्त वर आलेले भाग रंग घेतात.

बेसकोट म्हणजे प्राइमरवर द्यायचा मुख्य रंगाचा थर. एज हायलाइट म्हणजे कडांवर ओढायची उजळ रेघ. बेस म्हणजे आकृतीच्या पायाखालची चकती. टेरेन म्हणजे पटावर मांडायचे खडक, झाडी, इमारती. सुचवा.

प्रतिसाद १ (पेण)

ताई, यातलं निम्मं काम आमच्या कारखान्यात रोज चालतं. फक्त मूर्ती मोठी असते. शब्द शोधायला लांब जायला नको.

कोट म्हणजे हात. भिंत रंगवणाराही ‘दोन हात मारले’ म्हणतो, आम्हीही म्हणतो. पहिला हात, दुसरा हात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले, कारण जाड रंगात बारीक कोरीव काम बुजून जातं. तुमच्या पेरभर उंचीच्या आकृतीला तर हे जास्तच लागू. तिची नाकपुडीसुद्धा एका जाड हातात नाहीशी होईल.

प्राइमरला अस्तर म्हणा. बाजारात डबा मागताना ‘प्रायमर’ म्हणावंच लागतं, तो शब्द मराठीत मुरलेला आहे, त्यामुळे दोन्ही चालतील. पण ‘अस्तर दे’ म्हटलं की मुलाला कारणही कळतं : हे आतलं आहे, वरचं यावर बसणार आहे. फवाऱ्याचं अस्तर भर पावसाळ्यात देऊ नका. हवा दमट असली की पृष्ठभाग दाणेदार किंवा पांढुरका होतो, आणि या बारीक कामात तो दोष झाकता येत नाही.

डोळ्यांच्या कामाला आम्ही आखणी म्हणतो. तो हात वेगळाच असतो, कारखान्यात प्रत्येकाला आखणीला बसवत नाहीत. तुम्ही डोळे कसे करता ते वाचायला आवडेल.

मूळ धागाकर्ती

‘हात’ आणि ‘अस्तर’ लगेच घेतले. आखणीबद्दल सांगते, कारण आमच्याकडे क्रम उलटा आहे. चेहऱ्याचा बाकी रंग देण्याआधीच मी डोळे करते. डोळ्याची पूर्ण खाच गडद तपकिरी भरायची. तिच्यात पांढऱ्या रंगाची आडवी बारीक रेघ, खाचेच्या कडा तपकिरीच राहतील इतकी लहान. मग बुबुळ. ठिपका गोल काढायला गेलं की योद्धा दचकल्यासारखा दिसतो, म्हणून ठिपक्याऐवजी वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढायची, म्हणजे तिचं वरचं आणि खालचं टोक पापण्यांच्या तपकिरीत मिसळून जातं. पांढरा रंग गालावर आला तरी बिघडत नाही, कारण त्वचेचा रंग नंतर द्यायचा असतो आणि तो देताना कड नीट करता येते. आता याला आखणीच म्हणणार.

प्रतिसाद २

मिनिएचरसाठी शब्द आहे, आणि तो पुण्यात दर दिवाळीत वापरात असतो : चित्र. किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे, तोफा, गवळण, वाघ, सिंहासनावरचे महाराज यांना मिळून ‘किल्ल्यावरची चित्रं’ म्हणतात. ‘कुंभारवाड्यातून चित्रं आणली का?’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कागदाचा त्यात काही संबंध नाही.

हा अर्थ भलता किंवा मुलांनी बनवलेला मुळीच नाही. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत तीन प्रकार सांगितले आहेत. सर्व बाजूंनी घडवलेली मूर्ती म्हणजे चित्र. भिंतीतून अर्धी बाहेर आलेली म्हणजे अर्धचित्र. आणि रंगांनी सपाट पृष्ठभागावर काढलेली म्हणजे चित्राभास, चित्राचा नुसता भास. आज आपण ज्याला चित्र म्हणतो तो त्या हिशेबात चित्राभास ठरतो, आणि किल्ल्यावरचा मावळा खरंखुरं चित्र. मला हे फार मोलाचं वाटतं, की शास्त्रातला जुना अर्थ कुंभारवाड्याच्या दुकानात अजून नांदतो आहे.

प्रतिसाद ३ (मुंबई)

‘चित्र’ सुंदर आहे, पण सगळीकडचं नाही. आमच्या चाळीत ‘मावळे’च म्हणायचो. आता ताईंच्या पटावरच्या ऑर्कला, म्हणजे राक्षसी योद्ध्याला, मावळा म्हणणं मनाला पटत नाही, तेव्हा मावळा बाद. ‘सोंगटी’चा विचार केलात का? सारीपाटातली सोंगटी, कॅरममधली सोंगटी. पटावर हलवायची वस्तू हा अर्थ तिच्यात आहेच. बुद्धिबळातला ‘मोहरा’ही आहे.

प्रतिसाद २ चे लेखक

सोंगटीला चेहरा नसतो. सगळ्या सोंगट्या एकसारख्या असतात, रंगावरून फक्त बाजू कळते. या आकृत्यांचं सगळं वैशिष्ट्यच मुळी चेहऱ्यात आणि उभं राहण्याच्या ढबीत आहे. खेळाचे नियम सांगताना सोंगटी किंवा मोहरा म्हणा, रंगवायला घेतली की ते चित्र.

प्रतिसाद ४ (नॉटिंगहॅम)

माझं मत वेगळं आहे. असे खेळ आणि मिनिएचर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचं मुख्यालय असलेल्या गावातच राहतो, त्यामुळे या छंदातली माणसं आजूबाजूला भरपूर. त्यांचा वॉरहॅमर हा लढाईचा खेळ १९८३ साली आला, तेव्हापासून इथली एक बोली तयार झाली आहे. जगभर शिकवणीचे व्हिडिओ त्याच बोलीत आहेत. मुलांना मराठी शब्द दिलेत तर उद्या त्यांना शोधता काय येईल? शब्द आहेत तसे ठेवा.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही बोली इंग्रजीतसुद्धा एकसंध नाही. इतर सगळे ज्याला वॉश म्हणतात त्याला याच कंपनीच्या सिटाडेल रंगांच्या बाटलीवर ‘शेड’ लिहिलेलं असतं. २०१९ साली त्यांचा ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचा रंग आला, तो एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देतो, म्हणजे त्याला नवंच नाव. टेरेनला कुणी ‘सीनरी’ म्हणतं. उंचीबद्दल तर वादच आहे : २८ मिलिमीटर हे तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजायचे की डोक्याच्या टोकापर्यंत, यावर दोन कंपन्यांचं एकमत नसतं. त्यात ‘हिरोइक’ प्रमाण वेगळं. त्यात डोकं, हात आणि शस्त्रं मुद्दाम मोठी करतात, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं ओळखू येतात आणि तलवार पटकन मोडत नाही.

मूळ धागाकर्ती

शोधण्याचा मुद्दा मान्य. इंग्रजी नावं एका कागदावर लिहून भिंतीला लावलेली आहेतच. पण शोधायचा शब्द आणि हाताला सूचना देणारा शब्द यांत मला फरक वाटतो. ‘वॉश’ हेच घ्या. जलरंग शिकलेल्या मुलाला वॉश म्हणजे कागदभर समान पसरलेला पातळ थर असं माहीत असतं. तो चित्रावरही (आता चित्रच म्हणते) रंग सगळीकडे सारखा पसरवत बसतो. इथे तर रंग उंचावरून उतरून खाचेत जायला हवा. तयार इंग्रजी शब्दानंच त्याची वाट चुकते.

प्रतिसाद १ (पेण)

मग ‘सोडणे’ वापरा. आपण कढईत कडेनं तेल सोडतो, वाफ्यात पाणी सोडतो. पातळ पदार्थ आपल्या वाटेनं जाऊ द्यायचा, हा अर्थ त्या क्रियापदात मुळातच आहे. ‘खाचांत रंग सोड.’ मुलगा ब्रश टेकवून थांबेल, घासत बसणार नाही.

प्रतिसाद ३ (मुंबई)

‘कपड्यानं रंग सोडला’ याच्याशी घोटाळा होईल.

प्रतिसाद १ (पेण)

तिथे कर्ता कपडा आहे, इथे माणूस. शिवाय ‘खाचांत’ जोडलेलं आहे. मला नाही वाटत कुणी गोंधळेल.

ड्रायब्रशला ‘कोरडा हात फिरवणे’ म्हणा. हात म्हणजे थर हे एकदा ठरलं की कोरडा हात आपोआप समजतो. आणि हायलाइटला ‘उठाव देणे’ आहेच, चित्रकारांच्या बोलण्यात तो रुळलेला आहे. एज हायलाइट म्हणजे कडांना उठाव देणे.

प्रतिसाद ५

बेसला बैठक. उभ्या आकृतीला बैठक कशी, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो : समई उभीच असते आणि तिच्या तळाला बैठकच म्हणतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये पटाचा एक इंच म्हणजे पाच फूट, आणि माणसाएवढ्या पात्राला एक इंचाचं घर लागतं, म्हणून बैठकही साधारण २५ मिलिमीटरची. ‘याची बैठक मोठी आहे, दोन घरं रुंद आणि दोन घरं लांब जागा अडवेल’ हे वाक्य खेळातही चपखल बसतं.

मला खरं बोलायचंय ते टेरेनबद्दल. यासाठी एकच शब्द शोधू नका. ‘भूभाग’, ‘भूप्रदेश’ हे भूगोलाच्या पुस्तकातले. ‘देखावा’ चांगला आहे, पण तो पाहायचा असतो, त्यात हात घालून सोंगट्या हलवत नाहीत. डायोरामाला, म्हणजे नुसत्या पाहण्यासाठी मांडलेल्या छोट्या दृश्याला, देखावा म्हणा. पटावर जे उभारतो ती मांडणी, जसा आपण डाव मांडतो. आणि मांडणीतल्या एकेका वस्तूला तिच्या नावानं हाक मारा, कारण आपल्याकडे ती नावं अक्षरशः डोंगरभर आहेत. सुळका वेगळा, कडा वेगळा, सोंड वेगळी, घळ वेगळी, खिंड वेगळी. कड्याला आरपार भोक असेल तर ते नेढं. इंग्रजीत ‘रॉक फॉर्मेशन’ म्हणून जो एकच तुकडा विकतात, त्याला ट्रेकला जाणारा मराठी मुलगा बघताक्षणी नेमकं नाव देईल.

बांधकामाचंही तसंच. तटाच्या माथ्यावरच्या दातेरी कंगोऱ्यांना चर्या. मारा करायच्या भोकांना जंग्या. तटावरून चालायच्या वाटेला फांजी. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांसाठी देवड्या. युरोपीय धाटणीचा किल्ला बनवला तरी हे शब्द चालतात, कारण ही कामं सगळ्या किल्ल्यांना लागतात. दोन बुरुजांच्या कुशीत लपवलेला गोमुखी दरवाजा मात्र तिकडच्या तयार संचांत मिळणार नाही. रायगडाचा महादरवाजा पाहून तो एकदा पटावर करा. शत्रूला वळून यावं लागतं आणि वळताना वरून मारा होतो, हे मुलांना एका डावात समजतं. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदीसुद्धा अशीच खेळून बघण्याजोगी आहे.

खेळाच्या नियमांतल्या ‘कव्हर’ला आडोसा. यापेक्षा चांगला शब्द कुठल्याच भाषेत नसेल.

मूळ धागाकर्ती

‘आडोसा’ वाचून आनंद झाला. साहित्याच्या बाबतीत थोडी भर घालते. थर्माकोल कापला की त्याचे मणी सुटतात, म्हणून दगडी भिंतीसाठी मी घट्ट, बारीक पोताचा इन्सुलेशनचा फोम घेते. पेन्सिल दाबून त्यावर दगडांचे सांधे काढायचे, अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबून लोळवायचा की दगडाचा खडबडीतपणा येतो. त्यावर फवाऱ्याचं अस्तर थेट दिलं तर त्यातलं द्रावण फोम वितळवून टाकतं. म्हणून आधी फेव्हिकॉलमध्ये काळा अॅक्रिलिक मिसळून ब्रशनं अस्तर द्यायचं, मग राखाडी कोरडा हात.

बैठकीवर गवत म्हणून जे ‘फ्लॉक’ विकतात, त्यातला एक प्रकार म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. त्याला भुसाच म्हणते. फेव्हिकॉल लावायचा आणि भुसा भुरभुरायचा. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतात तो खऱ्या गवताचा मार्ग, पण पेरभर चित्राशेजारी अळिवाचं रोप झाडाएवढं दिसतं.

काल मुलांना सांगून पाहिलं : ‘चित्र साबणाच्या पाण्यानं धू, साच्याचं तेल निघू दे. अस्तर दे. रंगाचे दोन पातळ हात दे. वाळलं की खाचांत गडद रंग सोड. मग कोरडा हात फिरव, कडांना उठाव दे, आणि शेवटी बैठकीवर भुसा भुरभुर.’ एकानंही ‘म्हणजे काय?’ विचारलं नाही.

प्रतिसाद ४ (नॉटिंगहॅम)

हा परिच्छेद वाचून माझा विरोध मागे घेतो. पण एक अडचण शिल्लक आहे. तुमच्या खोलीत बसलेल्या मुलांना ‘चित्र’ समजलं, कारण समोर वस्तू होती. हेच लिहून छापलंत तर ‘चित्र रंगवा’ म्हटल्यावर वाचणारा रंगपेटी आणि कागद घेऊन बसेल. ‘पटचित्र’ करायला जाऊ नका, ते ओडिशाच्या कापडावरच्या चित्रकलेचं नाव आहे.

प्रतिसाद २ चे लेखक

लिहिताना पहिल्या उल्लेखाला ‘खेळातलं चित्र’ लिहा, शेजारी एक छायाचित्र द्या, पुढे नुसतं चित्र. पुण्यातही ‘किल्ल्यावरची’ हे आधी म्हटलेलं असतं, म्हणूनच नंतरचं ‘चित्रं’ कळतं.

मूळ धागाकर्ती

असंच करते. आता ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून हे भाग कापून काढतात त्या ‘स्प्रू’चं काय? ओतकामातला शब्द आहे, साच्यात धातू शिरतो त्या वाटेचा. ओतारी मंडळी त्या वाटेला काय म्हणतात ते कुणी विचारून सांगेल का? तोवर ‘चौकट’ वापरते.