टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं, गोळी थांबवावी का? (सल्ला हवा)

केशरपाकळी:
वडील, वय ६४, मधुमेह जुना. लघवीचा एसीआर (लघवीतून गळणाऱ्या प्रथिनाचं माप) ८४०, बीपी १५२/८८ होतं म्हणून टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) ४० मिग्रॅ सुरू झालं. आधी क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी मंदावली की वाढतो) १.६, पोटॅशियम ४.७. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.९, पोटॅशियम ५.३. बीपी आता १३८/८२. घरात सगळे म्हणतात की गोळीच किडनी खातेय, बंद करा. डॉक्टरांची भेट चार दिवसांनी आहे. तोवर काय करावं आणि त्यांना नेमकं काय विचारावं?

तळटीप:
स्वतःहून बंद करू नका. आधी साधं गणित करा. १.६ वरून १.९ म्हणजे सुमारे १९ टक्के वाढ. ही गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात. तुमच्या बाबतीत ती मर्यादा २.०८ येते. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ४८ च्या आसपास होता, तो ३९ वर आला असेल. आकडा बघून धस्स होतं, पण हे का झालं ते समजून घ्या.

किडनीत रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे बारीक गुच्छ असतात. रक्त आत आणणारी एक नळी, बाहेर नेणारी दुसरी. अँजिओटेन्सिन हे शरीरातलं संप्रेरक बाहेरची नळी आवळतं, त्यामुळे गुच्छातला दाब चढा राहतो आणि प्रथिनं लघवीत गळतात. टेल्मिसार्टन ती बाहेरची नळी सैल करतं. दाब उतरतो, गळती घटते, आणि त्याच कारणाने गाळण्याचा वेग थोडा खाली येऊन क्रिएटिनिन किंचित चढतं. म्हणजे गोळी लागू पडल्याची ही खूण असू शकते. मात्र वाढ एकदा होऊन स्थिरावली पाहिजे. दर तपासणीला चढतच गेली तर प्रकरण वेगळं.

वाढ ३० टक्क्यांच्या पुढे गेली तरी लगेच गोळीला दोष देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालंय का, लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस जास्त आहे का, वेदनाशामक चालू आहे का, हे आधी बघायचं. यातलं काहीच नसेल तर दोन्ही किडन्यांच्या रोहिण्या अरुंद आहेत का, हे डॉक्टर तपासतात.

मध्यान्ह:
तळटीप यांच्याशी सहमत. मला मात्र इथे क्रिएटिनिनपेक्षा पोटॅशियमकडे लक्ष द्यावंसं वाटतं. ५.३ घाबरण्यासारखं नाही, दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. ५.५ च्या वर गेलं तर उपाय सुरू करावे लागतात, ६ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर आणि ईसीजी.

आधी नमुना नीट होता का ते विचारा. रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं. अहवालात 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर चाचणी पुन्हा करायची.

मग घरात शोधा. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, ते या रुग्णांना नको. ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनीही पोटॅशियम चढतं. आणि सांधेदुखीच्या गोळ्या, त्यांचं नाव वेगळं घेऊन विचारा. बरेच जण त्यांना औषधांत मोजतच नाहीत.

केशरपाकळी:
धन्यवाद. विचारलं तर निघालं की गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेतायत, आठवड्यातून चार-पाच दिवस. शिवाय सकाळी हायड्रोक्लोरोथायझाइडही (लघवी वाढवणारी थायझाइड गोळी) आहे.

मध्यान्ह:
मग क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्हींचा बराचसा खुलासा इथेच होण्याची शक्यता आहे. डायक्लोफेनॅक आत येणारी नळी आवळतं, टेल्मिसार्टन बाहेरची सैल करतं, थायझाइड पाणी कमी करतं. तिन्ही एकत्र आली की गाळायला दाबच उरत नाही. डायक्लोफेनॅकने बीपी आणि पोटॅशियमही चढतं. डॉक्टरांना आजच फोन करून हे सांगा. थांबवायचं असेल तर डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन नव्हे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, किती, तेही विचारा. एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत करा, म्हणजे खरं चित्र दिसेल.

पाणकणीस:
डोसबद्दल थोडं. ४० हा मधला मुक्काम आहे. पोटॅशियम आणि बीपी परवानगी देत असतील तर ८० पर्यंत नेतात, कारण किडनी वाचवण्याचा पुरावा पूर्ण डोसचा आहे. 'बीपी आलं ना आटोक्यात, मग कशाला वाढवायचं' हा प्रश्न हमखास येतो. २००१ च्या आयडीएनटी चाचणीत किडनीचा त्रास असलेल्या मधुमेही रुग्णांना इर्बेसार्टन (टेल्मिसार्टनच्याच गटातलं) किंवा अ‍ॅम्लोडिपिन (वेगळ्या गटातली बीपीची गोळी) दिलं होतं. बीपी दोन्हींनी जवळपास सारखंच उतरलं, किडनीचं रक्षण मात्र इर्बेसार्टनने जास्त केलं. डोस वाढवला की दोन ते चार आठवड्यांत परत क्रिएटिनिन-पोटॅशियम.

एसीआर तीन महिन्यांनी, सकाळच्या पहिल्या लघवीचा करा. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम असेल तर आकडा फुगतो. ८४० वरून ३० टक्के किंवा जास्त उतरला, म्हणजे ५९० च्या खाली आला, तर छान.

घरचं बीपी: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा. सकाळी गोळीआधी दोन आणि संध्याकाळी दोन नोंदी, मध्ये एक मिनिट. सात दिवस, पहिला दिवस सोडून सरासरी. केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात वरचा आकडा १२० च्या खाली सांगितलाय, पण तो प्रमाणित पद्धतीने दवाखान्यात मोजलेला. त्यामागची मुख्य स्प्रिंट चाचणी मधुमेही वगळून झाली होती, म्हणून अनेक डॉक्टर १३०/८० धरतात. उभं राहताना चक्कर येत असेल तर लक्ष्य सैल करायला सांगा.

आणि मीठ! दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. मीठ जास्त असेल तर टेल्मिसार्टनचा गळतीवरचा असर उतरतो, हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

तळटीप:
उलट्या, जुलाब किंवा खाणंपिणं सुटेल असा ताप आला तर टेल्मिसार्टन आणि थायझाइड तेवढ्यापुरतं थांबवायचं का, आणि खाणंपिणं सुरळीत झाल्यावर कधी सुरू करायचं, हे आत्ताच विचारून लिहून घ्या. थांबवलेली गोळी परत सुरू करायची राहून जाते, हा नेहमीचा घोळ.

केशरपाकळी:
शेवटचा प्रश्न. एका नातेवाइकांनी सुचवलंय की सोबत रामिप्रिल ही बीपीची दुसरी गोळीही द्या, दुप्पट फायदा.

पाणकणीस:
नको. दोन्ही अँजिओटेन्सिनच्या एकाच साखळीवर काम करतात. २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत एकत्र दिल्यावर किडनीचे त्रास वाढले, २०१३ ची व्हीए नेफ्रॉन-डी तर पोटॅशियम आणि किडनीच्या तक्रारींमुळे मध्येच थांबवली. जोड द्यायचीच असेल तर डॅपाग्लिफ्लोझिनसारखं (मधुमेहाचं, किडनीलाही जपणारं) औषध चालेल का ते विचारा. त्यानेही सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, म्हणून टेल्मिसार्टनचा डोस वाढवायचा आणि हे सुरू करायचं, दोन्ही एकाच आठवड्यात नको. नाहीतर पुढच्या अहवालात कशामुळे काय झालं ते कळणार नाही.