दारावर 1684 कोरलंय, पण घर खरंच 1684चं आहे का?

पोटमाळा:
यॉर्कशायरच्या व्हार्फडेलमधलं दोन मजली दगडी फार्महाऊस. दारावरच्या लिंटलवर, म्हणजे आडव्या दगडावर, 1684 आणि तीन अक्षरं: वर एम, खाली टी आणि ए. विक्रीच्या माहितीपत्रकात ‘1684 साली बांधलेलं, खिडकी-करापायी खिडक्या बुजवलेल्या’ असं ठोकून दिलंय. दर्शनी भिंतीत डावीकडे दगडी उभ्या दांड्यांच्या खिडक्या, उजवीकडे सरकत्या तावदानांच्या. उत्तरेची भिंत आतून कमरेपर्यंत ओली, बाहेरून दरजा सिमेंटने भरलेल्या. तारखेवर किती विसंबावं? आणि ओलीचं काय करावं? घर सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत ग्रेड टू दर्जाचं आहे.

दगडवाचक:
अक्षरं सोपी आहेत. वरचं आडनावाचं, खालचं डावीकडचं नवऱ्याचं, उजवीकडचं बायकोचं. म्हणजे टी. एम. आणि ए. एम. हे जोडपं. (अशा दगडांवर ‘जे’ या अक्षराऐवजी ‘आय’ कोरलेला असतो, तिथे बरेच जण फसतात.)

तारीख मात्र त्या दाराची, घराची नव्हे. आधीच्या घराला नवं दार बसवलं, खोली वाढवली, की तारीख कोरली जायची. लिंटल दुसरीकडून आणून बसवल्याचीही उदाहरणं आहेत. बाजूच्या उभ्या दगडांची तासलेली तिरपी कड लिंटलमध्ये न तुटता वळते का बघा. कड मध्येच संपली किंवा रुंदी जुळत नसली तर तो दगड उपरा.

मग दहा पावलं मागे जाऊन भिंत वाचा. दगडांचे थर एकमेकांत न गुंतता वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ दिसली तर तिथे दोन बांधकामं भेटतात. रेघेच्या ज्या बाजूला कोपऱ्याचे मोठे घडीव दगड असतील ती बाजू जुनी, कारण तो एके काळी घराचा कोपरा होता. बाजूच्या त्रिकोणी भिंतीवर आताच्या छपरापेक्षा जास्त उताराची पुसट रेघ असली तर पूर्वी वर गवताचं किंवा हीदर या रानझुडपाचं शाकारलेलं छप्पर होतं. दगडी फरशांचं छप्पर 30 अंशांच्या आसपास बसतं, शाकारणीला बराच जास्त उतार लागतो.

खिडकी-कराची गोष्ट सोडून द्या. खिडक्यांच्या संख्येवरचा हा कर 1696 ते 1851 होता हे खरं, पण सुरुवातीला घरामागे दोन शिलिंग ठरलेले आणि चढा दर दहा खिडक्यांपासून पुढे. ही मर्यादा सातवर आली ती 1766 साली. लहान शेतघराला एखादी खिडकी बुजवून फारसं काही वाचत नव्हतं. आत जिना फिरवला, कपाट केलं, चुलीची जागा बदलली, अशी कारणं जास्त सापडतात.

चुनेवाला:
ओलीबद्दल. ही भिंत एकसंध दगडाची नाही. आत एक थर, बाहेर एक, मध्ये ढिली भरणी, अधूनमधून दोन्ही थर बांधणारे आरपार दगड. एकूण जाडी 500 ते 600 मिमी. पाणी आत शिरणारच. ते चुन्याच्या दरजांतून परत बाहेर पडावं अशी रचना आहे. सिमेंटने ती वाट बंद होते, मग पाणी दगडातून बाहेर पडू लागतं. क्षार आणि गोठणारं पाणी दगडाचा पृष्ठभाग सोलतात. दगड मागे गेलेला आणि सिमेंट बरगड्यांसारखं पुढे आलेलं दिसलं की समजा.

आधी फुकटातल्या गोष्टी. पन्हळ तुंबलीय का, पाइपचा सांधा भिंतीवर गळतोय का, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झालीय का? उत्तरेला माती साचलेली असतेच. ती फरशीच्या 150 ते 200 मिमी खाली आणा. भोकं पाडून रसायन भरण्याच्या फंदात पडू नका. मधल्या ढिल्या भरणीत त्याचा सलग पडदा तयारच होत नाही.

दरजा उकरायच्या त्या छिन्नी-हातोडीने. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो आणि ते नुकसान भरून येत नाही. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान 25 मिमी. सिमेंट घट्ट धरून बसलं असेल तर तो भाग तसाच ठेवा. मिश्रण एक भाग एनएचएल 3.5 चुना (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, आकडा मजबुतीचा), अडीच ते तीन भाग भरड वाळू. एनएचएल 5 अशा भिंतीला फार कडक. दरज ओली करून दाबून भरा, अंगठ्याने दाबलं तर खूण जेमतेम उमटेल इतकं घट्ट झालं की ताठ ब्रशच्या टोकाने ठोका, मग ओलं गोणपाट लावून ठेवा. तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा.

आतला जिप्समचा गिलावाही काढावा लागेल. भिंत वाळायला दर 25 मिमीला साधारण महिना हा ढोबळ आडाखा. तेव्हा दोन वर्षं धरूनच चाला, लगेच रंग देऊ नका.

दप्तरी:
कामाला हात लावण्याआधी परवानगीचं बघा. आतल्या भागाचं वर्णन यादीत नसलं तरी संरक्षण आतबाहेर सगळ्याला असतं. घर नॅशनल पार्कच्या हद्दीत असेल तर अर्ज पार्क ऑथॉरिटीकडे. घराच्या स्वरूपात फरक पडेल असं काम विनापरवाना करणं 1990च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते, आणि तिला कालमर्यादा नाही. ते सिमेंट आणि नव्या खिडक्या कधीच्या, हे खरेदीआधी वकिलामार्फत विचारून घ्या.

कागदांत आधी चूल-कर बघा: 1662 ते 1689, चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. वेस्ट रायडिंगची, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागाची, 1672ची यादी आहे, गावागणिक नाव आणि चुलींची संख्या. एम आडनावाचा कुणी दिसतो का तपासा. घराचं नाव त्यात नसतं, त्यामुळे एवढ्यावर घर सिद्ध होत नाही.

पोटमाळा:
पाहिलं. लिंटलची कड जुळते. दाराच्या उजवीकडे दीड मीटरवर उभी रेघ आहे, मोठे दगड डावीकडे. आणि उजवीकडच्या सरकत्या खिडकीखालच्या दगडावर चौकोनी, सपाट तोंडाचे दोन खुंट आहेत.

दगडवाचक:
खुंट म्हणजे तोडलेले दगडी दांडे. सरकती तावदानं नंतर घातली. डावीकडचे दांडे तिरपे तासलेले असतील तर ते सतराव्या शतकाचे. सपाट तोंडाचे बहुधा अठराव्याचे. म्हणजे डावा भाग 1684चा किंवा त्याहून जुना, उजवा जोड नंतरचा, आणि त्यानंतर कधीतरी खिडक्या बदलल्या.

जुना की 1684चा, हे आता छपराखालचं ओक सांगेल. तुळयांना रिकाम्या खाचा असतील तर त्या दुसरीकडून आल्यात, त्यांची वर्षवलयं मोजून उपयोग नाही. झाडाच्या सालीपर्यंतची कड शाबूत असलेली आणि पन्नासहून जास्त वलयांची तुळई शोधा. ओक तेव्हा ओलंच वापरत, त्यामुळे झाड तोडल्याचं वर्ष आणि बांधकामाचं वर्ष जवळपास एकच निघतं.